स्पोर्ट्स कारच्या मागच्या बंपरवर काजळी बसू नये म्हणून

स्पोर्ट्स कार नवी घेतली की पहिल्या काही आठवड्यांत मालकाच्या डोळ्यांना एक गोष्ट खुपायला लागते. सायलेन्सरच्या तोंडाच्या वर, बंपरच्या कडेला, करडी पुसट सावली पडलेली असते. गाडी पांढरी, पिवळी किंवा चंदेरी असेल तर ती लगेच दिसते. काळ्या गाडीवर दिसत नाही, पण असतेच. बहुतेक जण हाताशी असेल ते कापड घेऊन ती पुसून टाकतात. काही दिवसांनी ती परत येते, मग आणखी जोर लावून पुसतात, आणि हळूहळू तिथला पेंट बारीक ओरखड्यांनी निस्तेज होतो. काजळीने जेवढं बिघडत नाही तेवढं या कोरड्या पुसण्याने बिघडतं.

म्हणून इथे सुरुवात धुण्यापासून केलेली नाही. डाग बंपरवर दिसतो, पण त्याचं मूळ इंजिनात, गाडी चालवण्याच्या सवयीत आणि पाइपच्या तोंडाशी असतं. ते मूळ सापडलं की धुणं हे किरकोळ काम उरतं.

धूर मागे जायचा सोडून गाडीवर का येतो

हे समजून घ्यायला थोडा वेळ द्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

गाडी वेगात असते तेव्हा हवा तिच्या छपरावरून, दोन्ही बाजूंनी आणि पोटाखालून मागे येते. मागचा भाग जिथे एकदम कापल्यासारखा संपतो, तिथे हवेला त्या आकाराला धरून वळता येत नाही. ती सुटते आणि गाडीच्या पाठीमागे कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात हवा भोवऱ्यासारखी फिरत उलट गाडीकडेच येते. हॅचबॅकची मागची काच इतर काचांपेक्षा लवकर मळते ती याचमुळे. सायलेन्सरचं तोंड या पट्ट्याच्या आत असेल, तर बाहेर पडलेला धूर लांब जाण्याऐवजी बंपरवर येऊन बसतो.

गाडी उभी असताना गोष्ट वेगळी असते. तेव्हा धूर गरम असल्यामुळे सरळ वर उठतो. पाइपचं तोंड बंपरच्या कापाच्या आत दबलेलं असेल तर वरची कड त्याला अडवते आणि सगळी काजळी त्या कडेवर जमते.

हा प्रश्न आजचा नाही. १९५३ साली आलेल्या पहिल्या शेवरोले कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची होती, त्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या आणि सगळ्या पांढऱ्या. तिच्या सायलेन्सरची तोंडं मागच्या बॉडीतून जेमतेम बाहेर डोकावत होती, आणि धूर परत वळून त्या पांढऱ्या पेंटवर डाग पाडायचा. पुढच्या वर्षी कंपनीने पाइप लांब केले. तरीही पुरता उपाय झाला नाही, तो १९५६ च्या नव्या बॉडीत झाला, जेव्हा ही तोंडं मागच्या फेंडरच्या टोकांशी हलवली. तोंडाची जागा बदलणं हाच खरा इलाज, हे तेव्हापासून माहीत आहे. शेल्बी कोब्राच्या काही गाड्यांचे पाइप दाराखालून बाजूलाच बाहेर निघतात, तर पोर्शे ९१८ स्पायडरचे इंजिनाच्या वरून आकाशाकडे. त्यामागची कारणं वेगळी होती, पण मागचा बंपर धुराच्या वाटेतून आपोआप बाजूला झाला.

तिसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. सायलेन्सर थंड असेल, म्हणजे ५० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली, तर ही वाफ आतच पाणी होऊन काजळीत मिसळते आणि धुराच्या जोराने काळ्या थेंबांच्या रूपात बाहेर उडते. बंपरवर ठिपक्याठिपक्यांचे डाग दिसतात ते हे.

पायरी १: डाग नीट बघा

गाडी पूर्ण थंड असताना, उजेडात, मागे खाली बसा. पांढरा टिश्यू पेपर किंवा स्वच्छ पांढऱ्या कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळा आणि पाइपच्या तोंडाच्या आतल्या बाजूने एकदा फिरवा. बंपरवर फिरवू नका.

कापडावर कोरडी, मऊ, भुकटीसारखी काळी पूड आली तर ती पेट्रोलची काजळी आहे. थोडी असली तर चिंता नाही. जाड थर निघत असेल तर इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत आहे.

काळं चिकट, बोटाला तेलकट लागणारं काही आलं तर इंजिन ऑइल जळतंय. मग बंपरचा विचार बाजूला ठेवा आणि मेकॅनिक गाठा. पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील, टर्बोचं सील किंवा क्रँककेसची वाफ परत आत घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, यांपैकी काहीतरी खराब झालेलं असू शकतं. यातला पीसीव्ही व्हॉल्व्ह सगळ्यांत स्वस्त आणि सोपा, म्हणून तो आधी तपासायला सांगा. तेलकट काजळी पेंटला घट्ट धरते आणि नुसत्या शॅम्पूने निघत नाही.

बंपरवर काळ्याऐवजी पिवळट किंवा तपकिरी सावली असेल आणि ती पाण्याने जरासुद्धा हलत नसेल, तर ती बहुधा काजळी नाहीच. ती उष्णतेने भाजलेली जागा आहे. त्याचा इलाज चौथ्या पायरीत.

आता दोन्ही बाजूंच्या पाइपची तुलना करा. इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. आजच्या बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये सायलेन्सरच्या आत उघडझाप करणारे व्हॉल्व्ह असतात. शांत चालवताना धूर काही पाइपांतूनच बाहेर पडतो आणि बाकीचे जोर दिल्यावरच उघडतात. चार पाइपांपैकी दोन काळे आणि दोन चकचकीत असले तर तो बिघाड असेलच असं नाही. पण व्ही-६ किंवा व्ही-८ इंजिन असेल, दोन्ही बाजूंची पाइपलाइन शेवटपर्यंत वेगळी असेल, आणि फक्त एकाच बाजूचा पाइप सतत जास्त काळा होत असेल, तर त्या बाजूच्या सिलिंडरांमध्ये मिश्रण जड आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे, अशी शंका घ्यायला हवी. गळका इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा थकलेला ऑक्सिजन सेन्सर असा पकडता येतो, तेही डॅशबोर्डवर दिवा लागायच्या आधी.

शेवटी गाडीखाली टॉर्च मारून पाइपचे जोड बघा. जोडातून बाहेर निघालेला काळा ओघळ दिसला तर तिथून धूर गळतोय. बंपरच्या आतल्या बाजूची काजळी अनेकदा अशा गळतीतून येते, तोंडातून नव्हे. आणि ही गळती नुसत्या डागापुरती नसते. तो धूर केबिनमध्येही शिरू शकतो, म्हणून ती लगेच दुरुस्त करून घ्या.

पायरी २: इंजिन किती काजळी करतंय

कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते. इंजिनातही तेच: हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं की काजळी. पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, हवा १२.५ किलोच्या आसपास येते, कारण ते जादा पेट्रोल आतलं तापमान आटोक्यात ठेवतं आणि टर्बो व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) वाचवतं. थंड इंजिन सुरू करतानाही असंच जादा पेट्रोल लागतं. म्हणजे स्पोर्ट्स कार जिच्यासाठी घेतली जाते ती मजा आणि काजळी बरोबरच येतात. ती शून्यावर आणता येत नाही, अवाजवी काजळी मात्र थांबवता येते.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. हवेत मिसळायला त्याला वेळ कमी मिळतो आणि काही थेंब पिस्टनवर व सिलिंडरच्या भिंतीवर बसून अर्धवट जळतात. जुन्या, सिलिंडरच्या बाहेर फवारा मारणाऱ्या इंजिनांपेक्षा यांचे पाइप जास्त काळे का होतात, याचं उत्तर हे. युरोपात २०१७-१८ पासून अशा गाड्यांवर किलोमीटरला ६० हजार कोटी कणांची मर्यादा आली. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, पण कण इतके सूक्ष्म असतात की ही मर्यादा कडक आहे. ती पाळायला कंपन्यांनी पेट्रोल गाड्यांनाही कण अडवणारा फिल्टर, म्हणजे जीपीएफ, बसवायला सुरुवात केली. तुमच्या गाडीत तो आहे का हे माहीतपत्रकात बघा. असेल तर पाइपचं तोंड बऱ्यापैकी स्वच्छ राहायला हवं. फिल्टर असूनही तोंड काळंकुट्ट असेल तर तो तडकला आहे किंवा आधीच्या मालकाने काढून टाकला आहे, असा अर्थ होतो. जुनी गाडी घेताना ही खूण फार उपयोगाची.

करायच्या गोष्टी तशा साध्या आहेत. एअर फिल्टर वेळेवर बदला. कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनचं, इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायनं असलेलं पेट्रोल वापरा. स्पार्क प्लग काढले जातील तेव्हा मेकॅनिकला ते दाखवायला सांगा: फिक्या तपकिरी रंगाचे असले तर जळण चांगलं, काळे आणि मखमलीसारखे दिसले तर मिश्रण जड. कॉम्प्युटरला लावायचा स्कॅनर हाताशी असेल तर फ्युएल ट्रिमचे आकडे, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते, बघा. गरम इंजिनावर ते शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे ५ टक्क्यांत असावेत. मोठा उणे आकडा म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल कमी करायला धडपडतोय.

आणि ट्यूनबद्दल, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलाबद्दल, स्पष्टच सांगतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज यावा म्हणून जे सॉफ्टवेअर टाकतात, ते त्या क्षणी जादा पेट्रोल सोडतं, ठिणगी उशिरा टाकतं आणि ते पेट्रोल सायलेन्सरमध्ये जळतं. मूळ गाडीत ॲक्सिलरेटर सोडल्यावर पेट्रोल बंदच होतं. असा ट्यून टाकला असेल तर खालची कुठलीही पायरी तुमचा बंपर स्वच्छ ठेवू शकणार नाही, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आयुष्यही कमी होईल. डाग नको असतील तर तो काढा.

पायरी ३: सवयी

गाडी सुरू करून जागेवर दहा मिनिटं गरम करत ठेवणं ही सगळ्यांत वाईट सवय. इंजिन थंड, मिश्रण जड, वारा नाही, आणि धूर सरळ बंपरच्या कडेवर. आजच्या इंजिनांना त्याची गरजही नाही. सुरू करा, आयडलिंगचा पहिला मोठा आवाज खाली येईपर्यंत थोडं थांबा, आणि हळू निघा. ऑइल गरम होईपर्यंत इंजिनाचे फेरे वाढवू नका. ऑइल गरम व्हायला इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, म्हणून पाण्याच्या काट्यावर विसंबू नका.

दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी ही गाडी बाहेर काढायचं टाळा. एवढ्या वेळात सायलेन्सरचा मागचा डबा तापतच नाही, पाणी आत साचतं आणि पुढच्या वेळी काळे थेंब उडतात. काढलीच तर २०-२५ मिनिटं तरी चालवा. काही सायलेन्सरच्या तळाला हे पाणी गळून जायला बारीक भोक असतं. ते बुजलेलं नाही ना हे बघा, आणि गळती समजून ते बुजवू नका.

भिंतीला पाठ लावून गाडी उभी करू नका. सुरू करताना धूर भिंतीवर आपटून परत बंपरवर येतो आणि भिंतही काळी होते. नाक आत आणि पाठ बाहेर अशी लावा. इथे डागापेक्षाही मोठी गोष्ट आहे: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, अगदी थोड्या वेळासाठीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पायरी ४: पाइपचं तोंड

यावर मी सगळ्यांत जास्त भर देईन, कारण इंजिन निरोगी असूनही डाग येत असतील तर कारण जवळजवळ नेहमी इथे असतं.

आधी धूर नेमका कुठे बसतो ते शोधा. बंपर धुऊन कोरडा करा. पांढऱ्या मास्किंग टेपचे साधारण टपाल तिकिटाएवढे तुकडे पाइपभोवती चिकटवा: वर, दोन्ही बाजूंना, नंबरप्लेटच्या खाली, डिकीच्या कडेला. प्रत्येकावर पेनाने खूण करा. नेहमीसारखी गाडी चालवा आणि दोन-तीन दिवसांत तुकडे काढून एका कागदावर त्याच जागांप्रमाणे लावा. टेप यापेक्षा जास्त दिवस ठेवू नका, उन्हात आणि उष्णतेत तिचा गोंद पेंटला धरतो. फक्त पाइपच्या लगत वरचे तुकडे काळे झाले असतील, तर धूर उभ्या गाडीत कडेवर अडतोय. सगळीकडे सारखी करडी छटा असेल, तर वेगात मागून फिरणारी हवा काजळी आणतेय. खाली ठिपके असतील तर ते पाणी.

वेगातली हवा प्रत्यक्ष बघायची असेल तर टेपने लोकरीचे बोटभर लांबीचे धागे बंपरवर लावा आणि मोकळ्या रस्त्यावर मागच्या गाडीत बसलेल्या सोबत्याला व्हिडिओ घ्यायला सांगा. मागे ताठ उडणारा धागा म्हणजे हवा गाडीपासून दूर जातेय. धागा वर वळून बंपरला चिकटत असेल, किंवा पुढच्या दिशेने थरथरत असेल, तर त्या जागेवर काजळी बसणारच. धागे पाइपच्या तोंडासमोर लोंबू देऊ नका, जळतील.

आता मोजमाप. पट्टी घेऊन पाइपची कड बंपरच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून किती पुढे आहे ते बघा. कड बंपरच्या आत किंवा त्याच्या रेषेत असेल तर डागांचं कारण सापडलं. १० ते २० मिलिमीटर बाहेर आली की बहुतेक गाड्यांत लगेच फरक दिसतो. काही गाड्यांत शेवटची टिप, म्हणजे पाइपच्या टोकावरची दिसणारी नळी, क्लॅम्पवर बसवलेली असते, तिथे बोल्ट सैल करून ती थोडी बाहेर ओढता येते. हे काम सायलेन्सर पूर्ण थंड असताना, आणि गाडीखाली शिरायचं असेल तर जॅकवर नव्हे, स्टँडवर ठेवूनच करा.

बाहेर ओढता येत नसेल तर लांब टिप बसवावी लागते. ती निवडताना व्यास बघा. फार रुंद टिप दिसायला दणदणीत असते, पण रुंद तोंडातून धूर मंद वेगाने बाहेर पडतो आणि मागच्या भोवऱ्यात सहज ओढला जातो. शिवाय बऱ्याच मोठ्या टिपांच्या आत खरा पाइप कितीतरी मागे संपलेला असतो. धूर आधी त्या पोकळीत फिरतो आणि मग बाहेर येतो. आतला पाइप टिपच्या कडेजवळ संपत असेल अशी निवडा. तिरक्या कापाची असेल तर लांब कड वरच्या बाजूला बसवा, म्हणजे वरच्या बंपरला आडोसा मिळतो. तोंड किंचित खाली झुकवलं तर चालतं, पण फार नाही: धूर रस्त्यावर आपटला तर धूळ उडवतो, आणि ती धूळही बंपरवरच येते. दुहेरी भिंतीची टिप घ्या, तिचं बाहेरचं आवरण कमी तापतं. लोखंडी क्रोमपेक्षा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील टिकाऊ. टिप बंपरच्या फार बाहेर काढू नका, पायाला लागते, आणि बाहेर निघालेल्या धारदार भागांबद्दल वाहन नियम असतात. गाडी वॉरंटीत असेल तर बदल करायच्या आधी लेखी विचारून घ्या.

पाइप आणि बंपर यांच्यातली फट हा वेगळा मुद्दा, आणि पिवळ्या भाजलेल्या डागांचा संबंध याच्याशी. बंपरचं प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचं असतं. ते १६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि पेंट व आकार त्याच्या बराच आधी बिघडायला लागतात. सगळीकडून १५ मिलिमीटर तरी फट हवी, वरच्या बाजूला थोडी जास्त. पण थंड गाडीवर मोजलेली फट खरी नसते. स्टेनलेस स्टील तापलं की वाढतं: दोन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर सुमारे १० मिलिमीटर लांब होतो. शिवाय इंजिन जोर देताना रबरी माउंटवर हलतं आणि पाइपलाही हलवतं. म्हणून लांबशी फेरी मारून आल्यावर, हात न लावता, फट पुन्हा डोळ्यांनी तपासा. टिप एका बाजूला सरकलेली दिसली तर सायलेन्सर टांगणारे रबर ताणले आहेत. ते नवे घातले की अनेकदा पाइप आपोआप मधोमध येतो. इंजिन मागे असलेल्या गाड्यांत पाइप आखूड असल्याने धूर जास्त गरम बाहेर येतो. तिथे बंपरच्या आतून उष्णता परतवणारा पत्रा किंवा चिकटपट्टी लावणं मी गरजेचंच मानतो.

एक छोटी गोष्ट: टिपची आतली बाजू गुळगुळीत ठेवा. खडबडीत झालेल्या आतल्या भिंतीवर काजळीचा जाड थर साचतो आणि ओल्या दिवशी तोच सुटून बंपरवर उडतो. स्टेनलेस स्टील असेल तर ०००० ग्रेडची स्टील वूल आणि मेटल पॉलिशने आतून घासा. क्रोमवर फक्त पॉलिश आणि मऊ कापड. काळ्या रंगाच्या, कोटिंग केलेल्या टिपवर मेटल पॉलिश अजिबात नको, कोटिंग निघून जाईल. तिला शॅम्पूच पुरे.

पायरी ५: धुणं आणि संरक्षण

बंपर आणि पाइप थंड होऊ द्या. आधी भरपूर पाणी वरून खाली मारा. प्रेशर वॉशरची धार पाइपमध्ये सोडू नका. मग प्री-वॉश किंवा एकास दहा पाणी घालून पातळ केलेला ऑल-पर्पज क्लीनर काजळीवर फवारा, दोन-तीन मिनिटं थांबा, वाळायच्या आत धुऊन टाका. बहुतेक काजळी हात न लावताच निघून जाते. काजळीचे कण पेंटवर घासले की ओरखडे पडतात, म्हणून हात लावायच्या आधी जितकी जाईल तितकी जाऊ द्यायची.

त्यानंतर शॅम्पू. दोन बादल्या: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत हातमोजा खळबळून घ्यायला साधं पाणी. मागच्या बंपरसाठी वेगळा मायक्रोफायबर हातमोजा ठेवा आणि तो बाकी गाडीला कधी लावू नका. बंपर सगळ्यांत शेवटी, सरळ रेषेत हात फिरवत, जोर न देता.

तरीही सावली उरली तर टार रिमूव्हर कापडावर घेऊन हलकेच लावा. मग भरपूर वंगण फवारून क्ले बार (पेंटवर रुतलेला मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी), आणि अगदी शेवटी बारीक पॉलिश. पॉलिशने दर वेळी क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, थोडा पातळ होतो, म्हणून तो वर्षातून एकदाचा उपाय समजा, आठवड्याचा नव्हे. मॅट पेंटवर क्ले आणि पॉलिश दोन्ही वर्ज्य. रंग न दिलेल्या खरखरीत काळ्या प्लास्टिकच्या डिफ्यूजरला (बंपरखालच्या भागाला) वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात. मऊ ब्रश आणि पातळ क्लीनर पुरेसा.

संरक्षणाने काजळी बसायची थांबत नाही, ती घट्ट धरायची थांबते, आणि धुणं सोपं होतं. कार्नौबा वॅक्स ८२ ते ८६ अंशांना वितळतं, त्यामुळे पाइपच्या अगदी जवळ त्याचा भरवसा नाही. सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं. चाकांच्या रिमसाठी बनवलेलं, उष्णता सोसणारं सीलंट बंपरच्या त्या कडेवर आणि टिपच्या बाहेरच्या बाजूवर चांगलं काम करतं. सिरॅमिक कोटिंग सगळ्यांत टिकाऊ, पण माझा सल्ला असा की चौथी पायरी पुरी होईपर्यंत त्यावर खर्च करू नका. डाग पेंटमध्ये असताना वरून कोटिंग केलं तर तो डाग कोटिंगखाली तसाच राहतो. तोपर्यंत सीलंट पुरे. पीपीएफ, म्हणजे पेंटवर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावणार असाल तर लावणाऱ्याला सांगून तिची कड पाइपच्या कापापासून थोडी अलीकडेच थांबवा. उष्णतेने कड सुटते, तिथल्या गोंदात काजळी शिरते आणि पांढऱ्या गाडीवर काळी रेघ कायमची उमटते.

ही कामं झाल्यावर दर धुण्याला टिपच्या आतून ओलं कापड फिरवा, महिन्यातून एकदा सायलेन्सरच्या रबरांवर आणि फटीवर नजर टाका, आणि टेपची चाचणी सर्व्हिसिंगनंतर पुन्हा करून आधीच्या कागदाशेजारी नवा कागद ठेवा. नव्या कागदावरचे तुकडे आधीपेक्षा काळे निघाले तर धुण्याच्या सामानाकडे वळू नका, पुन्हा पहिल्या पायरीचा टिश्यू पाइपमध्ये फिरवा.